‘साफ केला’ म्हणालास

रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी हसशील. ‘ताईचा फोन मोडला वाटतं,’ असं बायकोला ओरडून सांगशील. फोन धड आहे. पण फोनवर माझा राग पाच मिनिटांच्या वर टिकत नाही. तू काहीतरी वाकडंतिकडं बोलतोस, मला हसू फुटतं आणि मूळ मुद्दा तिथेच पडून राहतो. तुला बोलता यायला लागल्यापासून हेच चाललंय. म्हणून या वेळी कागद घेतला. हा तिसरा. पहिले दोन फाडले, कारण पहिल्यात मी नुसती ओरडत होते आणि दुसऱ्यात मी फारच थोर झाले होते. यात काय होतंय बघू. राग मात्र तिन्हींत सारखाच आहे, तो कमी झालाय असं समजू नकोस.

क्रमाने लिहिते, कारण तू गोष्टींचा क्रम बदलतोस आणि मग त्या वेगळ्याच होऊन बसतात. माझी जुनी डिझेल गाडी मी सिस्टरना विकली. बाबांच्या आजारपणात रोज घरी येऊन त्यांचं सगळं करणाऱ्या आपल्या सिस्टरना. ती गाडी या वर्षीच्या तपासणीत नापास झाली. आधी तपासणी केंद्रातले लोक वाकून, काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा डबा जागेवर आहे की नाही एवढंच बघायचे. आता नवं यंत्र आलंय, एक्झॉस्टच्या पाइपात नळी घालून धुरातले काजळीचे कण मोजतात. आकडा असा आला म्हणे, की यंत्रच बिघडलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. मग डबा कापून उघडला. आत काही नाही. बाहेरून फिल्टर, आतून रिकामं पिंप. सर्व्हिसच्या वहीत शिक्का तुझ्या गॅरेजचा, म्हणून गेल्या मंगळवारी तुला बोलावलं. आणि तू तिथे खुर्चीत बसून म्हणालास, ‘ते आमच्या वडिलांनी केलं होतं, साहेब. जुने मेकॅनिक. आता ते नाहीत.’

हे मला अधिकाऱ्याने फोनवर वाचून दाखवलं. अगदी सपाट आवाजात, बाजारहाटाची यादी वाचावी तसं. गाडीची आधीची मालक म्हणून मला एक फॉर्म भरावा लागेल म्हणाला. भावाच्या म्हणण्याला दुजोरा आहे की नाही ते येत्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत लेखी कळवा. तासाभराने तुझा फोन. ‘ताई, तू फक्त हो म्हण. बाबांना आता कोण काय करणार आहे?’ आणि मी काय म्हणाले? ‘बघते’ म्हणाले. नाही म्हणाले नाही. तेव्हापासून हा ‘बघते’ मला छळतोय. पाच दिवस झाले, वहीत रोज तोच एक शब्द लिहून खाली रेघ मारतेय.

शुक्रवारी मी केंद्रात जाऊन आले. तुला सांगितलं नाही. अधिकारी माणूस बरा आहे. बिनबाह्यांचा स्वेटर, टेबलावर डब्यात घरून आणलेली सफरचंदाच्या फोडी. त्याने मला मागच्या शेडमध्ये नेऊन तो डबा दाखवला. एका पोत्यावर ठेवलाय, दोन अर्धुकं करून. वेल्डिंगचा जुना जोड वरच्या बाजूला होता, गाडीखाली कितीही वाकलं तरी दिसणार नाही असा. अधिकारी त्यावरून बोट फिरवत म्हणाला, ‘काम चुकीचं, पण हात काय सुंदर आहे हो. आम्हाला जोड शोधावा लागला.’ आणि सांगायला लाज वाटते, मला क्षणभर अभिमान वाटला. माझ्या भावाचा हात. दुसऱ्या क्षणी असा राग आला, की बाहेर येऊन मी त्यांच्या नळावर तोंड धुतलं. इतका चांगला हात, आणि तो रिकाम्या डब्याला झाकण लावायला वापरायचा.

कायदा त्याने मला समजावून सांगितला. मी दोनदा विचारून लिहून घेतला. फिल्टर नसलेली गाडी रस्त्यावर चालवणं हा गुन्हा, मालकाला माहीत असो वा नसो. सिस्टरना काहीच ठाऊक नव्हतं म्हणून त्यांना दंड होणार नाही बहुतेक, पण नवा फिल्टर बसेपर्यंत गाडी जागची हलवता येणार नाही. फिल्टर नाही हे न सांगता गाडी विकणं हा दुसरा गुन्हा, तो माझ्याकडे. आणि धंदा म्हणून फिल्टर काढणं हा तिसरा, सगळ्यात मोठा. त्यात गॅरेजचा परवाना जातो आणि त्या गॅरेजचा शिक्का असलेली प्रत्येक गाडी तपासणीला बोलावतात. मी विचारलं, काढणारा माणूस हयात नसेल तर? म्हणाला, मग तेवढ्यापुरती फाईल बंद. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू गोंधळून बोलला नव्हतास. घाबरूनही नाही. तू नियम वाचून गेला होतास. शाळेत असताना एवढा अभ्यास केला असतास, तर तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या सह्या मला माराव्या लागल्या नसत्या.

आता त्या एका शब्दाकडे येते. माझ्या वहीत नऊ फेब्रुवारीचं पान आहे. तू माझ्या वह्यांना ‘ताईचं पोलीस खातं’ म्हणतोस, तर हे त्या खात्याचं पान. त्या हिवाळ्यात मी बाबांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेत होते. दहा मिनिटं जायला, दहा यायला. डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला. तू फोनवर समजावलंस, की अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, मग फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. हे अगदी खरं होतं. मी म्हटलं, मग साफ करून दे. तू दोन दिवस गाडी ठेवून घेतलीस. पानावर लिहिलंय: ‘गाडी आणली. दिवा गेला. फिल्टर साफ केला म्हणाला. चढावर पूर्वीपेक्षा छान पळते.’ शुक्रवारी अधिकाऱ्याने मला सांगितलं, तुमच्या भावाच्या धंद्यात ‘साफ’ म्हणजे काढून टाकणं. गिऱ्हाईक फोनवर एवढंच विचारतं, ‘साफ करून मिळेल का?’ आणि समोरचा समजतो. डबा कापायचा, आतला भाजलेल्या मातीचा जाळीदार ठोकळा काढायचा, डबा पुन्हा जोडायचा, गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं शिकवायचं की सगळं ठीक आहे. झालं साफ.

मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतेय. औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या कागदांवर एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर माणूस दवाखान्यात जाईल, हे डोक्यात ठेवून रोज आठ तास वाचते. आणि मला ‘साफ’ने फसवलं. धुतलेलं तेही साफ आणि उरलंच नाही तेही साफ. तू खोटंसुद्धा बोलला नव्हतास रे. फक्त तू एक अर्थ ठेवून घेतलास आणि दुसरा मला दिलास. त्याचाच मला जास्त संताप येतो. सरळ म्हणाला असतास, ‘ताई, काढून टाकतो, कटकट मिटेल,’ तर मी भांडले असते, कदाचित हरलेही असते, पण मला विचारलं तरी असतंस.

बाबांच्या वेळी हे होऊच शकलं नसतं, कारण त्यांची ती कार्डं. आठवतात ना? पिवळट पुठ्ठ्याची, आरशाला दोऱ्याने बांधायचे. मधे उभी रेघ. डावीकडे ‘काढलं’, उजवीकडे ‘घातलं’. बस. बाकी ग्रीसचे डाग. आणि काढलेला भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, मग तो दोन पैशांचा वॉशर का असेना. त्या जाड्या वकिलाला त्यांनी फुटलेला सायलेन्सर मांडीवर ठेवायला लावला होता, पांढऱ्या पँटवर. ‘तुमचा आहे, घेऊन जा, इथे काय मी संग्रहालय काढलंय?’ तू त्या दिवशी हसून हसून खड्ड्यात पडला होतास, गाडीखालच्या त्या खड्ड्यात, आणि वकील वरून तुला शिस्तीचं भाषण देत होता. तू अजून ती कार्डं वापरतोस. छापून मीच देते दर वर्षी. नऊ फेब्रुवारीचं कार्डही माझ्याकडे आहे, वहीत चिकटवलेलं. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. रेघेवर आडवं लिहिलंय: साफ. तेव्हा मला ते तुझं गबाळेपण वाटलं होतं. आता कळतं, तुला रेघेच्या कुठल्या बाजूला लिहावं ते ठरवता आलं नव्हतं.

आणि त्याच बाबांवर तू खापर फोडलंस. यावर मी दोन कागद फाडलेत, म्हणून तिसऱ्यावर फक्त हकीकत लिहिते. बाबांना ऑक्सिजन लागला ऑक्टोबरात. नऊ फेब्रुवारी म्हणजे त्यानंतर चार महिने. नाकात नळी, पलंगापाशी ते घुरघुरणारं यंत्र, संडासला जायचं तरी नळीचं भेंडोळं मी मागून उचलून धरायचे. सिस्टरनी पहिल्याच दिवशी दारावर स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती, ‘आत ऑक्सिजन आहे, आग आणू नये.’ तुझ्या बायकोने त्या वर्षी वाढदिवसाच्या केकवर मेणबत्तीसुद्धा लावू दिली नाही. आणि तू म्हणतोस, त्या माणसाने त्या वेळी वेल्डिंग केलं? नाकात ऑक्सिजन आणि हातात ठिणग्या? जगातला कुठलाही मेकॅनिक ही चूक करणार नाही. फक्त बाबांचा मुलगा करेल. कारण तू बाबांवर ढकलायचं ठरवलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर आजारी बाबा नव्हतेच, ते अजून निळ्या डांगरीत, चष्मा कपाळावर सरकवून उभे होते. हे मला कळतं. माझ्याही डोळ्यांसमोर तेच येतात. पण मंगळवारी केंद्रातल्या त्या खोलीत तुझ्यामागे कोण उभं होतं, ते तू पाहिलंस का? सिस्टर, गाडीची मालक म्हणून बोलावलेल्या. ती पाटी लिहिणाऱ्या सिस्टर. मला फोन केला तेव्हाही त्याबद्दल अक्षर नाही. एवढंच म्हणाल्या, ‘ताई, आता बसने जाते मी. सकाळच्या पेशंटला उशीर होतो थोडा, त्यांना इन्शुलिन द्यायचं असतं जेवणाआधी. बघू, होईल काहीतरी.’ त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तुझे सगळे मुद्दे मला पाठ आहेत. सगळेच करतात. फिल्टर नवा घ्यायचा तर जुन्या गाडीपेक्षा महाग पडतो. गिऱ्हाईक समोर रडकुंडीला येतं, त्याला उद्या कामावर जायचं असतं, त्याला काय कायद्याचं पुस्तक वाचून दाखवू? आणि ते धूर ओकणारे कारखाने कोणाला दिसत नाहीत, माझ्याच बोटभर पाइपाच्या मागे लागलेत. हे ऐकताना दर वेळी मला वाटतं, यात थोडं खरं आहे. थोडं नाही, बरंच. मी प्रामाणिकपणे सांगते, रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाची गाडी तू दारातून परत पाठवायला हवी होतीस, हे मी सहज म्हणू शकत नाही. पण मग त्याला सांग ना. समोर बसवून सांग, की हा बेकायदा उद्योग आहे, तुझी गाडी उद्यापासून आंधळेपणाने धूर ओकेल, पकडला गेलास तर विमावालेही हात वर करतील, आता बोल, करू? हे सांगितलंस की निम्मे लोक उठून जातील, हे तुला पक्कं माहीत आहे. म्हणून तर ‘साफ’. मला तुझ्या गुन्ह्यापेक्षा या शब्दाचा राग आहे. कदाचित मी मुद्रितं तपासते म्हणून असेल. कदाचित मला मोठ्या गोष्टीचा राग झेपत नाही, म्हणून मी छोटी धरून बसलेय.

मोठी गोष्ट ही. दवाखान्याच्या दारापाशी एक बाक आहे, सिमेंटचा, बुटका. बाबांना व्हीलचेअरवरून उतरवून मी तिथे बसवायचे, ऑक्सिजनची छोटी बाटली मांडीवर, आणि गाडी उलटी घेत बाकापाशी लावायचे, त्यांना चार पावलंही नकोत म्हणून. हीटर गरम व्हावा म्हणून इंजिन चालू ठेवायचे. मग फाईल आणायला पुन्हा आत. पाच मिनिटं, कधी दहा. पाइप बाकाच्या बरोबर उंचीवर. फेब्रुवारी ते डिसेंबर, आठवड्यातून दोनदा. मी हिशोब मांडत नाही, आणि धुराने बाबा गेले असं मी म्हणतही नाही. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणणार नाहीत. तीस वर्षं त्यांनी बंद शेडमध्ये इंजिनं तपासली, त्यांची फुप्फुसं कधीच गेली होती. पण मी त्यांना तिथे बसवलं, माझ्या हाताने, शाल नीट करून. आणि मला वाटत होतं, मी त्यांची काळजी घेतेय. ही जागा तू माझ्याकडून घेतलीस. ती आठवण माझी चांगली होती. आता मी ती काढली की तिला वास येतो.

अजून एक पान आहे, तेही तुला माहीत नाही. एकोणीस फेब्रुवारी. परत येताना बाबा म्हणाले, ‘हिचा आवाज मोकळा झालाय.’ मी म्हटलं, धाकट्याने फिल्टर साफ केला. मग घराच्या वळणावर म्हणाले, ‘त्याला म्हणावं, येऊन जा.’ तू पुढच्या रविवारी आलास. दार ओढून घेतलंत तुम्ही दोघांनी, आणि आतून बाबांचं खोकत खोकत हसणं ऐकू आलं. जाताना तू माझ्याशी न बोलता गेलास. मला वाटलं, त्यांची अवस्था बघून तुला भरून आलं असेल. मी वहीत तसंच लिहिलंय. त्या दिवशी त्यांनी तुला विचारलं का रे? विचारलं असेल तर तू काय सांगितलंस? हे मला कळवू नकोस. मला खरंच नको आहे. तुला माहीत आहे, एवढं मला पुरे.

इथवर वाचताना तुला वाटलं असेल, ताईने आपली वही काढली आणि मला कोर्टात उभं केलं. मलाही दोन पानं तसंच वाटत होतं. छान वाटत होतं, खरं सांगायचं तर. पण वही माझी आहे आणि ती मला सोडत नाही. नऊ फेब्रुवारीच्या पानावर ‘छान पळते’च्या खाली अजून तीन ओळी आहेत, त्या मी वर लिहिल्या नाहीत. आता लिहिते. ‘गॅरेजच्या ऑफिसचं दार उघडं राहावं म्हणून एक ठोकळा लावलाय, मधाच्या पोळ्यासारखा, बारीक भोकांचा. उचलून पाहिला. हात काळा झाला. काय आहे विचारलं तर म्हणाला, माती आहे. विचारू का नीट? नको. दिवा गेला ना.’ एवढंच. ‘दिवा गेला ना.’ तो माझ्या गाडीचा काढलेला भाग होता, धाकट्या. बाबांच्या नियमाने तो तू माझ्या हातात द्यायला हवा होतास. आणि तो माझ्या हातात होता. मी तो परत दाराला लावून ठेवला.

गाडी विकायच्या दिवसाचं पानही तसंच. सिस्टर आपल्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, बाबांच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर, ती खुर्ची त्यांनी कधीच घेतली नाही. विक्रीच्या कागदावर दुसरं कलम: वाहनाच्या मूळ रचनेत कोणताही भाग काढलेला वा बदललेला नाही, असे मी जाहीर करते. मी ते वाचलं. मी सगळंच वाचते. पानावर लिहिलंय, ‘दुसऱ्या कलमापाशी पेन थांबलं. का ते कळलं नाही. सही केली.’ का ते कळलं नाही, हे खोटं आहे. वहीत लिहिलेलं माझं हे पहिलंच खोटं असावं. मला कळलं होतं. आरपार कळलं नव्हतं, पण दाराच्या फटीतून उजेड दिसतो तेवढं कळलं होतं, आणि मी दार लोटून घेतलं. सिस्टर चहा पीत होत्या, किल्ली बोटात फिरवत होत्या, त्यांची पहिली गाडी. तेव्हा वर मी ‘तू एक अर्थ ठेवून घेतलास’ म्हणाले, त्यात दुरुस्ती हवी. दुसरा अर्थ मी आनंदाने घेतला. आपण दोघांनी मिळून तो शब्द वापरला.

म्हणून आता हे पत्र कशासाठी ते सांगते. फॉर्म भरून झालाय. शुक्रवारी आणला, काल भरला, आज तीनदा तपासला, सवयच ती. दुजोऱ्याच्या जागी ‘नाही’ लिहिलंय आणि कारण म्हणून ऑक्सिजनची तारीख. विक्रीच्या रकान्यात ‘मला शंका होती आणि तरी सही केली’ असं लिहिलंय, आणि नऊ फेब्रुवारीच्या पानाची झेरॉक्स जोडलीय, तिन्ही ओळींसकट. नवा फिल्टर बसवून देईन, असं सिस्टरना सांगून आलेय. त्यांनी ‘अहो राहू दे’ म्हटलं, मी त्यांच्यावरही रागावले. एकच चौकट कोरी ठेवलीय. ‘फिल्टर कोणी काढला?’ त्या चौकटीत काय लिहायचं मला माहीत आहे, आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी केंद्रात असेन, बारा वाजेपर्यंत ती कोरी राहणार नाही. तू त्याआधी स्वतः गेलास आणि आणखी कोणाकोणाच्या गाड्या ‘साफ’ केल्यास त्याची यादी दिलीस, तर परवाना कायमचा न जाता काही महिन्यांच्या बंदीवर निभावू शकतं असं अधिकारी म्हणाला. हमी देत नाही म्हणाला, म्हणून मीही देत नाही. यादी करताना मदत लागली तर मला बोलाव, माझं अक्षर बरं आहे. जाणार नसशील तर त्या चौकटीत तुझं नाव मी लिहीन आणि आयुष्यभर तू मला ते ऐकवशील, चालेल मला. पण बाबांचं नाव तिथे येणार नाही. सोबत त्यांचं एक कोरं कार्ड पाठवतेय, जुन्या गठ्ठ्यातलं, दोऱ्यासकट. मधली रेघ त्यांनी पट्टीने मारलेली आहे. डाव्या बाजूला लिही.

राग गेलेला नाही, तरी तुझीच,
ताई

ता.क. दाराला लावलेला तो ठोकळा अजून असेल, तर कागदात गुंडाळून ठेव. माझा आहे. मी येऊन घेऊन जाईन.